सुंदरी आणि गंधर्व : स्त्रीभूमिकेच्या दोन परंपरा

भारतीय रंगभूमीच्या इतिहासात स्त्रीपार्टी नट हा जितका कौतुकाचा, तितकाच अडचणीचा विषय होऊन बसला आहे. कौतुक करणाऱ्यांच्या लेखी तो एका हरवलेल्या सुवर्णयुगाचा मानबिंदू असतो. ज्यांना अडचण वाटते, त्यांच्या लेखी तो एका मागासलेल्या समाजाने नाइलाजाने स्वीकारलेला पर्याय असतो. या दोन्ही भूमिका वरवर परस्परविरोधी दिसत असल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. ते असे, की स्त्रीभूमिका करणारा पुरुष हा 'खऱ्या' स्त्रीच्या जागी उभा राहिलेला बदली माणूस होय. पहिला पक्ष म्हणतो, बदली माणूस मूळ माणसाहून सरस ठरला. दुसरा म्हणतो, मूळ माणूस येताच बदलीचे प्रयोजन संपले. परंतु तो मुळात बदली होता काय, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी विचारलेला नाही.

तो विचारायचा तर एका भाषेच्या रंगभूमीपुरते पाहून भागत नाही. मराठी वाचकाला बालगंधर्व हे या कलेचे आदि आणि अंत वाटतात, तर गुजराती वाचकाला जयशंकर 'सुंदरी'. वस्तुतः हे दोन नट जवळजवळ समवयस्क. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा, जयशंकर भूधरदास भोजक यांचा १८८९ चा. दोघेही बालवयातच नामांकित झाले, मुंबई हे दोघांच्याही कीर्तीचे मोठे क्षेत्र होते, आणि दोघांच्याही वेषभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. तरीही दोन्ही भाषांतील समीक्षेने त्यांना शेजारी ठेवून क्वचितच पाहिले आहे. तसे पाहिले असता साम्यापेक्षा भेदच अधिक बोलका ठरतो.

१

प्रथम गरजेच्या उपपत्तीचा विचार करू. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले तेव्हा कुलीन स्त्रीने नाटकात काम करणे कल्पनेपलीकडचे होते, हे उघड आहे. १८५३ साली भाव्यांच्या मंडळीने मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात प्रयोग केले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळीने रुस्तुम आणि सोहराब यांच्या कथेवरील गुजराती नाटकाने आपला आरंभ केला. तेथेही स्त्रिया नव्हत्या. इथवर गरजेची उपपत्ती पुरेशी वाटते.

परंतु पारशी मंडळ्यांतून १८७० नंतरच्या दशकातच स्त्रिया रंगमंचावर आल्या होत्या. वृत्तपत्रांतून व मंडळ्यांच्या आतून त्यावर कडाक्याचे वाद झाले. पुढे मेरी फेंटन ही गौरवर्णी नटी कावसजी खटाव यांच्या जोडीने गुजराती व उर्दू नाटकांत विलक्षण लोकप्रिय झाली. म्हणजे १९०१ साली 'सौभाग्यसुंदरी'च्या प्रयोगात बारा वर्षांच्या जयशंकरने प्रेक्षकांना वेड लावले, तेव्हा मुंबईच्या रंगभूमीला नटी ठाऊक नव्हती असे नव्हे. मराठीतही हेच घडले. हिराबाई बडोदेकर संगीत नाटकांत उतरल्या होत्या. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले आणि ज्योत्स्ना भोळे यांच्या भूमिकेने नव्या युगाची नांदी केली. तरीही बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालूच राहिल्या. गरज संपल्यावरही जी रीत टिकते, तिचे मूळ केवळ गरजेत असू शकत नाही.

आभासाची उपपत्ती तर याहूनही दुबळी आहे. प्रेक्षकाला समोरची व्यक्ती स्त्रीच वाटली, अशी स्तुती आपण वारंवार वाचतो. पण ती शब्दशः खरी असती, तर प्रेक्षकाने नटाला दाद कशाची दिली असती? पारशी रंगभूमीवरील दोन नटांना लोकांनी दिलेली टोपणनावे येथे उद्बोधक आहेत : 'नसलू तेहमिना' आणि 'पेसू पुखराज'. एक नाव सोहराबच्या मातेचे, दुसरे 'इंदरसभे'तील परीचे. पुरुषाचे लाडके नाव आणि स्त्रीपात्राचे नाव यांची ही जोड प्रेक्षकाच्या मनातील व्यवहार नेमका दाखवते. त्याला नसलूही दिसत होता आणि तेहमिनाही. एकात दुसरी लोपली नव्हती. दोन्ही एकाच वेळी दिसण्यातच त्याचा आनंद होता.

२

नामकरणाच्या या पद्धतीत गुजराती आणि मराठी परंपरांचा एक मूलभूत भेद दडलेला आहे. जयशंकरला 'सुंदरी' हे नाव मिळाले ते 'सौभाग्यसुंदरी'तील भूमिकेवरून. भूमिकेने नटाचे नाव व्यापले, आणि ते इतके की पुढे आयुष्यभर पुरुष म्हणून वावरतानाही त्यांच्या नावामागे ते कायम राहिले. मराठीत याच्या उलट घडले. नारायणरावांना 'बालगंधर्व' ही पदवी लोकमान्य टिळकांनी दिली, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. ती खुद्द नारायणराव रंगभूमीवर येण्यापूर्वीची, आणि गाण्याबद्दलची आहे. त्यांच्यापूर्वीचे थोर स्त्रीपार्टी भाऊराव कोल्हटकर हे 'भावड्या' या आपल्या घरगुती नावानेच महाराष्ट्रभर गाजले. शकुंतला, सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी, सिंधू यांपैकी एकाही नायिकेचे नाव मराठी नटाला चिकटले नाही. उलट नटाचे नाव नायिकांना चिकटले. 'गंधर्वांची रुक्मिणी' आणि 'गंधर्वांची सिंधू' असेच लोक म्हणत आले.

हा योगायोग मानून सोडून देण्याजोगा तपशील नाही. गुजराती प्रेक्षक 'सुंदरी' पाहावयास जात होता. मराठी प्रेक्षक गंधर्वाला ऐकावयास जात होता. गुजराती नाटकांत गाणी होती आणि जयशंकर गातही असत, हे खरे. तथापि त्यांच्या कीर्तीचे अधिष्ठान हालचाल, नजर आणि संभाषण यांवर होते; बापुलाल नायक यांच्याशी दीर्घकाळ जमलेल्या त्यांच्या जोडीचे सामर्थ्यही परस्परांच्या प्रतिसादात होते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकेचे अधिष्ठान मात्र स्वर हे होते. भास्करबुवा बखल्यांसारख्या गुरूकडून संस्कारिलेले गाणे, अहमदजान थिरकवांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि एका पदाला मिळणारे वन्समोअर या सर्वांत कथेतील स्त्री काही काळ थांबून राही, आणि त्या थांबण्याबद्दल कोणाची तक्रार नसे.

या भेदाची कारणे दोन्ही नटांच्या घडणीत आहेत. जयशंकर उत्तर गुजरातेत विसनगरजवळ उंढाई येथे नायक-भोजक समाजात जन्मले. भवाईचा खेळ हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय, आणि भवाईत स्त्रीवेष घेणाऱ्या 'कांचळिया'चे काम ही एक स्वतंत्र, शिकवली जाणारी विद्या. पावलाची ठेवण, पदर धरण्याची रीत, मान वळवताना खांद्याची होणारी किंचित हालचाल हे सारे तेथे वारशाने येते. वयाच्या नवव्या वर्षी जयशंकर कलकत्त्यास एका उर्दू नाटकमंडळीत गेले आणि १९०१ मध्ये मुंबई गुजराती नाटक मंडळीत दाखल झाले. नारायणराव हे नागठाण्याकडच्या ब्राह्मण कुटुंबातले, गाण्यासाठी घराबाहेर पडलेले. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीने त्यांना घेतले ते गळ्यासाठी. एकाने अंगाची विद्या आणली होती, दुसऱ्याने गळ्याची.

३

'सौभाग्यसुंदरी' हे मूळशंकर मूलाणी यांचे नाटक, आणि त्यातील सुंदरी ही शेक्सपिअरच्या डेस्डिमोनाचे गुर्जर रूप. 'ऑथेल्लो' मराठीत देवलांच्या 'झुंझारराव'ने १८९० साली आणले होते. येथे भाषांतराच्या अभ्यासकाने थोडे थांबले पाहिजे. शेक्सपिअरच्या काळी डेस्डिमोनेचे काम करणारा एक मुलगाच होता. इंग्लंडच्या रंगभूमीवर नटी आली ती १६६० नंतर. म्हणजे १९०१ च्या मुंबईत बारा वर्षांचा जयशंकर त्या भूमिकेत उभा राहिला तेव्हा, त्या वेळच्या लंडनमधील कोणत्याही डेस्डिमोनेपेक्षा तो मूळ प्रयोगाच्या अधिक जवळ होता. भाषा, वेष, धर्म, नाव सारे बदलूनही एक गोष्ट अनवधानाने मूळाबरहुकूम राहिली. या भूमिकेत जो निर्मळपणा आहे, तो मुळातच एका मुलाच्या आवाजासाठी लिहिलेला होता.

जयशंकरांचे आत्मचरित्र 'थोडां आंसु, थोडां फूल' त्यांच्या निधनानंतर, १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय नटांच्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान वरचे आहे. त्यात पहिल्यांदा स्त्रीवेष पूर्ण झाल्यावर आरशात पाहण्याचा एक प्रसंग येतो. आरशात त्यांना एक तरुण गुर्जरी दिसते. स्त्री असण्याचा अभिमान बाळगणारी. आपल्यातील पुरुषाचा एक अंश आपल्यापासून सुटून वेगळा होत आहे अशी अनुभूती त्यांना येते. हा प्रसंग सहसा नटाच्या तादात्म्याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. परंतु काळजीपूर्वक वाचले असता एक निराळीच गोष्ट ध्यानात येते. त्या गुर्जरीचे जे वर्णन जयशंकर करतात, ते डौलदार बांधा आणि गजगती अशा विशेषणांचे आहे. ही विशेषणे घरातल्या, शेजारच्या किंवा विसनगरच्या बाजारातल्या कोणा स्त्रीची नव्हेत; ती काव्यातील नायिकेची आहेत. मुलाने आरशात जी पाहिली ती स्त्री नव्हती, साहित्य होते.

यात जयशंकरांच्या निरीक्षणशक्तीला उणेपणा नाही. कुलीन स्त्रियांच्या वागण्याचे, बोलण्याचे बारकावे टिपण्यासाठी त्यांनी घेतलेले कष्ट आत्मचरित्रात जागोजाग दिसतात. पण निरीक्षणाने मिळालेले तपशील ज्या आकृतीत बसवावयाचे, ती आकृती आधीच सिद्ध होती. स्त्रीपार्टी नट हा स्त्रीचा बदली नव्हता असे जे वर म्हटले, त्याचा अर्थ येथे स्पष्ट होतो. तो एका साहित्यिक आदर्शाचा वाहक होता. त्या आदर्शाला देह हवा होता. आणि प्रत्यक्ष स्त्रीचा देह त्या कामी गैरसोयीचा होता, कारण तिच्याबरोबर तिचे कूळ, तिचा इतिहास आणि तिची मर्जी हीही रंगमंचावर आली असती.

४

मराठीत या आदर्शाची सर्वोच्च परीक्षा 'एकच प्याला'त झाली. राम गणेश गडकरी यांचे निधन जानेवारी १९१९ मध्ये झाले, आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास हे नाटक प्रथम सादर केले. भरजरी शालूंतील भामिनी आणि रुक्मिणी यांनंतर बालगंधर्वांची दरिद्री सिंधू प्रेक्षकांसमोर आली. पुस्तकात वाचताना सिंधूची सहनशीलता आजच्या वाचकाला असह्य होते. रंगभूमीवर ती असह्य झाली नाही, याचे श्रेय त्या स्वराला आहे. गाण्याने सिंधूच्या सोसण्याला शोकाची प्रतिष्ठा दिली. जेथे प्रेक्षकाने सुधाकरावर संतापावे, तेथे तो सिंधूसाठी रडला.

हे कलेचे यश आहे, आणि नेमके तेच तपासण्याजोगे आहे. मरणोन्मुख सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी आपण आपोआप पडलो असे खोटे सांगते. मरताना डेस्डिमोनाही आपल्या मृत्यूचा दोष स्वतःकडेच घेते. तीन शतकांच्या अंतरावरील दोन नाटककारांनी आपल्या नायिकेच्या तोंडी शेवटी एकच असत्य घातले. दोन्ही नायिका पुरुषांनी लिहिल्या आणि प्रथम पुरुषांनीच साकारल्या. यावरून दोन्ही नाटके लहान ठरत नाहीत. परंतु ते असत्य उच्चारणाऱ्या स्त्रीने तालमीत एकदाही 'हे मी का बोलू?' असे विचारले नाही, कारण तालमीत स्त्री नव्हतीच, हे नोंदवले पाहिजे.

प्रेक्षागारात मात्र स्त्रिया होत्या. त्यांनी गंधर्वांचे नेसणे, अंबाडा, गजरा उचलला; मुंबईच्या गुजराती स्त्रियांनी सुंदरीची ढब उचलली. कौतुकाने सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीत एक विलक्षण उलटापालट आहे. पुरुषाने लिहिलेली आणि पुरुषाने उभी केलेली स्त्री हा नमुना झाला, आणि जिवंत स्त्री ही त्याची नक्कल. स्त्रियांनी याला प्रत्युत्तर दिलेच नाही असेही नाही. खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड' (१९०७) या नाटकाला गिरिजाबाई केळकरांनी 'पुरुषांचे बंड' (१९१३) लिहून उत्तर दिले. हिराबाई पेडणेकरांचे 'संगीत दामिनी' १९१२ साली केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. कलावंतिणींच्या समाजात वाढलेल्या, गाण्यात निपुण असलेल्या या लेखिकेच्या नायिकेचे कामही त्या काळच्या रीतीप्रमाणे पुरुषाकडेच जाणार होते. जिच्या समाजाच्या स्त्रिया शतकानुशतके गात आणि नाचत आल्या, तिचे शब्द चालले. तिचा देह चालला नाही. मराठी नाट्यसमीक्षेने या प्रसंगाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

५

ललितकलादर्शची स्थापना १९०८ साली हुबळीस झाली. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यात त्यांच्यासमोर नायक म्हणून आणि पुढे स्वतःच्या मंडळीची गायिका नटी म्हणून ज्यांचे नाव जोडले गेले त्या गोहरबाई विजापूरकडच्या बिळगीच्या. मराठी रंगभूमीचा इतिहास कर्नाटकाला वगळून लिहिता येत नाही. म्हणूनच या विषयाची उलटी बाजू पाहण्यास बंगळूरइतकी योग्य जागा दुसरी नाही. गुब्बी वीरण्णांच्या मंडळीने कन्नड रंगभूमीवर नटींना मानाचे स्थान दिले. आज बंगळूरच्या गांधीनगरात त्यांच्या नावाचे नाट्यगृह उभे आहे. व्यावसायिक मंडळ्यांत घडलेल्या आर. नागरत्नम्मा यांनी १९५८ साली 'स्त्री नाटक मंडळी' स्थापन केली. या मंडळीत सर्वच भूमिका स्त्रिया करीत. नागरत्नम्मा स्वतः कंस, रावण, दुर्योधन अशा भूमिकांनी गाजल्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी बंगळूरमध्ये त्यांचे निधन झाले.

नागरत्नम्मांच्या गदेचे, आवाजाचे आणि चालीचे कौतुक झाले. पण त्यांच्यामुळे कोणा पुरुषाने मिशा पिळण्याची रीत बदलल्याचे ऐकिवात नाही. पौरुषाचा आदर्श त्यांच्याकडून शिकावा असे कोणी सुचवले नाही. स्त्रीने केलेला पुरुष हा पराक्रम ठरला. पुरुषाने केलेली स्त्री हा दंडक ठरला. दोन्हींत नटकौशल्य सारखेच होते; सारखा नव्हता तो त्या कौशल्याला समाजाने दिलेला अधिकार. स्त्रीपार्टी परंपरेचे मूल्यमापन करताना हा विषम अधिकार बाजूला ठेवून केवळ कलेविषयी बोलता येत नाही, आणि केवळ अधिकाराविषयी बोलून कलेचे अस्तित्व नाकारताही येत नाही.

६

दोघांची उत्तरायुष्ये या भेदाला पूर्णत्व देतात. बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथांची पुरुषभूमिका केली, पण ते पुन्हा स्त्रीभूमिकांकडे वळले. वय वाढले, शरीर थकले, तरी स्वर त्यांना तेथेच घेऊन जात होता; आणि गळ्याला वय असले तरी त्याला लिंग नसते, अशी त्यांच्या श्रोत्यांची श्रद्धा होती. १९६७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कलेचे वारस गायक झाले आणि गायिकाही. स्त्रीभूमिकेची परंपरा म्हणून मात्र ती त्यांच्यापाशी संपली.

जयशंकरांनी १९३२ साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, व्यावसायिक रंगभूमी सोडली. देहाच्या विद्येला देहाचे वय पाळावे लागते. १९४८ नंतर अहमदाबादेस ते शिक्षक आणि दिग्दर्शक म्हणून परतले. रमणभाई नीलकंठ यांचे 'राईनो पर्वत' हे वाचण्यापुरतेच मानले गेलेले नाटक त्यांनी रंगभूमीवर आणले, आणि १९५३ साली रसिकलाल परीख यांचे 'मेना गुर्जरी' सादर झाले. भवाईच्या अंगाने रचलेल्या या नाटकाच्या दिग्दर्शनात जयशंकरांचा मोठा वाटा होता, आणि मेनेचे काम दीना गांधी, म्हणजे पुढील काळातील दीना पाठक, यांनी केले.

आरशात दिसलेल्या गुर्जरीपासून या गुर्जरीपर्यंतचे अंतर बावन्न वर्षांचे आहे. जी आकृती एका मुलाने काव्यातून आपल्या देहावर घेतली, ती त्याने म्हातारपणी एका स्त्रीच्या देहाला शिकवली. ती पावले, ती मानेची वळणे मुळात कोणाची, हा प्रश्न येथे विचारता येतो. पण त्याहून महत्त्वाचे हे, की परत मिळालेली वस्तू तशीच राहिली नाही. मेना ही सोसून मरणारी नायिका नाही. पातशहाची छावणी पाहण्याचे कुतूहल तिला आहे, आणि घरच्यांनीच शीलाची शंका घेतल्यावर त्या घराकडे पाठ फिरवण्याचे बळही आहे. नवऱ्यासाठी अखेरचे असत्य बोलणाऱ्या नायिकांच्या मालिकेत ती बसत नाही. हे परीख यांच्या लेखणीचे कार्य, यात शंका नाही. पण ते स्त्रीच्या आवाजात उच्चारले गेले, आणि त्या आवाजाला घडवणारा माणूस अर्धे आयुष्य 'सुंदरी' म्हणून जगलेला होता, हेही तितकेच खरे.

आज पुण्यात बालगंधर्वांच्या आणि अहमदाबादेस जयशंकर सुंदरींच्या नावाची नाट्यगृहे आहेत. दोन्ही गौरव यथायोग्य आहेत. परंतु समीक्षेचे काम गौरवाने संपत नाही. या नटांनी स्त्रीची नक्कल केली नाही. आपापल्या भाषेतील साहित्याने कल्पिलेल्या स्त्रीला त्यांनी दृश्य आणि श्राव्य रूप दिले, आणि ते इतके परिपूर्ण, की प्रत्यक्ष स्त्रीला रंगभूमीवर येताना त्या रूपाशी झगडावे लागले. ही त्यांची थोरवी आणि हेच त्या परंपरेने मागितलेले मोल. यांतील एक सांगून दुसरे गाळणारा इतिहास अपुरा राहील. जयशंकरांनी स्वतः तो पुरा करण्याचा मार्ग दाखवला : त्यांनी आपली विद्या जपून ठेवली नाही, जिची होती तिच्या हाती दिली, आणि ती तिचे काय करते हे बाजूला उभे राहून पाहिले.